एका कागदावर मावळ: बेगडेवाडी ते लोणावळा

बेगडेवाडी हे पुणे–लोणावळा लोकलमार्गावरचे लहानसे स्थानक आहे. पुण्याकडून येताना देहूरोड मागे पडले की बेगडेवाडी, मग घोरवाडी, मग तळेगाव. लोकल इथे थांबल्यासारखे करते आणि निघते. जवळूनच जुना पुणे–मुंबई रस्ता जातो, नव्या इमारतींच्या फटींतून एखादे भातखाचर दिसते आणि समोर घोराडेश्वराचा डोंगर उभा असतो. मुलांसाठी एखाद्या जुन्या वस्तीची चित्रपुस्तिका करायला निघालेला माणूस इथे उतरेल, असे कुणाला वाटणार नाही. रंगीत घरांची रांग नाही, कोरीव सज्जे नाहीत, चित्र काढायला बसावे असा चौकही नाही.

अशा पुस्तिकांचा नमुना बहुधा दुसरीकडून येतो. सिंगापूरच्या पूर्व भागातली काटोंग–जू च्यात ही वस्ती त्यातली एक. ती पेरानाकान समाजासाठी ओळखली जाते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, विशेषतः फुच्येन प्रांतातून, व्यापारी मलाक्का, पेनांग आणि पुढे सिंगापूरला आले. त्यांनी तिथल्या बायकांशी लग्ने केली आणि त्या घरांतून हा समाज वाढला. पुरुषांना बाबा म्हणतात, बायकांना न्योन्या. देवघर चिनी, बोली मलय वळणाची, आणि स्वयंपाकात नारळ, चिंच, मिरची, गवती चहा. ‘पेरानाकान’ या मलय शब्दाच्या पोटात ‘आनाक’ म्हणजे मूल हा शब्द आहे. पूर्ण शब्दाचा अर्थ इथेच जन्मलेला. मलाक्कातल्या तमिळ हिंदू चिट्टी लोकांनाही याच अर्थाने पेरानाकान म्हटले जाते.

या वस्तीतली दुमजली घरे दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि पुढे सलग पाच फुटांची पडवी. ही पडवी १८२२ च्या रॅफल्सच्या नगररचनेपासूनची. भिंतींना गुलाबी, निळसर, पिस्त्याचे रंग, जोत्याला फुलांच्या चिनीमातीच्या फरशा, मोठ्या दारापुढे अर्धे दार. १९९३ मध्ये या घरांना संरक्षण मिळाले. चित्रकाराला इथे फार शोधावे लागत नाही. फरशीची नक्षी पानाची चौकट होते, आणि अर्धे दार उघडझाप करणारी कागदी झडप होते. मुंबईत गिरगावची खोताची वाडी याच जातीची. लाकडी जिने, पुढचे व्हरांडे आणि मराठी बोलणारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरे. तिथेही कागद घेऊन बसले की अर्धे काम झाले.

मावळात तसे होत नाही. इथले मिश्रण भिंतीवर नाही. ते खांबांवर कोरलेल्या नावांत आहे, भाताच्या दाण्यात आहे, नदीच्या पाण्यात आहे. ते काढायच्या आधी वाचावे लागते.

ज्याला आता ‘झीन’ म्हणतात ती वस्तू मराठी मुलांना नवी नाही. हा शब्द अमेरिकेतल्या विज्ञानकथाप्रेमींनी स्वखर्चाने काढलेल्या पत्रकांतून आला. मराठीत १९५५ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले. साठच्या दशकात अशा अनियतकालिकांची रांगच लागली. पण त्याहीआधीपासून शाळाशाळांत ‘हस्तलिखित’ निघत होते. सुवाच्य अक्षराच्या मुलामुलींना बोलावून आखीव कागदावर लिहून घ्यायचे, चित्रकलेच्या बाईंनी मुखपृष्ठ करायचे आणि गॅदरिंगच्या दिवशी एकुलती एक प्रत टेबलावर ठेवायची. झीन म्हणजे त्याच हस्तलिखिताची झेरॉक्स निघालेली धाकटी बहीण. सर्वांत सोप्या प्रकाराला एकच कागद पुरतो. कागद दुमडून आठ चौकोन करायचे, मधल्या घडीवर एक चीर द्यायची आणि घडी घालायची. टाका नाही, गोंद नाही, आठ पानांची पुस्तिका तयार. बेगडेवाडी ते लोणावळा हा मार्ग अशा आठ पानांत बसतो, फक्त काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते.

पहिले पान स्थानकाचे. ‘बेगड’ म्हणजे मखराला लावतात तो चकचकीत पत्र्यासारखा कागद. गावाच्या नावाचा त्याच्याशी संबंध जोडायला काही आधार नाही. पण मुखपृष्ठावरच्या पिवळ्या फलकाला बेगडीचा एक तुकडा चिकटवला तर मुले हरकत घेणार नाहीत. याच पानावर मागे राहिलेल्या देहूरोडची एक खूण हवी. लष्कराच्या कोठारांभोवती ही वस्ती वाढली. कामासाठी आलेली तमिळ, तेलुगू बोलणारी घरे इथे मराठी घरांच्या शेजारी आहेत. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. काही किलोमीटरवर तुकोबांचे देहू. दोन ठिकाणांमध्ये इतके थोडे अंतर असेल, हे नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

बेगडेवाडीहून घोराडेश्वराच्या पायथ्याशी पोचायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी उतरत असते आणि कातळाला शेवाळाची काळी-हिरवी झाक आलेली असते. वर बौद्ध लेणी आहेत, त्यांना शेलारवाडीची लेणी असेही म्हणतात. मुख्य लेण्यात आता शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. भंडारा आणि भामचंद्र यांच्याबरोबर तुकाराम महाराजांच्या चिंतनाचा तिसरा डोंगर म्हणून वारकरी याला ओळखतात. एकाच पोकळीत भिक्षू, शंकर आणि तुकोबा येऊन गेले, आणि एकाने दुसऱ्याला पुरते पुसले नाही.

थक्क करणारी गोष्ट मात्र एका लेखात आहे. लेणी म्हटली की राजा किंवा गडगंज सावकार डोळ्यांपुढे येतो. इथल्या ब्राह्मी लेखातली दात्री आहे एक गृहिणी, सिआगुतणिका. तिचा नवरा उसभणक, राहणार धेनुकाकट, व्यवसाय नांगरट. मुलगा नंद याच्यासह तिने हे लेणे दान दिले. ‘उसभ’ म्हणजे ऋषभ, बैल. म्हणजे नांगर धरणाऱ्या माणसाचे नावही बैलावरून. शेतकऱ्याच्या घरातून डोंगरात लेणे कोरवून घेण्याइतका पैसा निघत होता, हे त्या काळच्या खोऱ्याच्या अर्थकारणाविषयी बरेच सांगते. घाटवाटांवरून कोकणच्या बंदरांकडे माल जात होता, धान्याला गिऱ्हाईक होते आणि शेतीतली शिल्लक विहारांपर्यंत पोचत होती. चित्रकाराच्या दृष्टीने दुसरे पान इथेच मिळते: बैल, नांगर, बाई आणि डोंगराला पडलेले भोक. मजकूर दोन वाक्यांचा पुरे.

चित्र कसे काढायचे याचा प्रश्नही इथेच सुटतो. संरक्षित शिलालेखावर कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, अक्षरे खुलून दिसावीत म्हणून खडू फिरवायचा नाही. लांबून रेखाटन करावे, हवे तर छायाचित्रावरून रेषा उचलावी. रेषा काळी आणि ठाम हवी. छटा दिल्या तर झेरॉक्समध्ये त्यांचे डाग होतात. सुदैवाने बेसॉल्टचा दगड मुळातच काळा आहे.

घोरवाडी मागे टाकून लोकल तळेगावला येते. गावाचे पूर्ण नाव तळेगाव दाभाडे. खंडेराव दाभाडे हे शाहू महाराजांचे सेनापती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव बाजीरावाविरुद्ध लढताना पडले, आणि त्यानंतर दाभाड्यांचा कारभार उमाबाईंनी हाती घेतला. मराठेशाहीत इतकी सत्ता हाती असलेल्या बायका थोड्या. पुस्तिकेत घोड्यावरच्या उमाबाई काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. तशी चित्रे मुलांनी भिंतींवर आणि कॅलेंडरांवर पुष्कळ पाहिलेली असतात.

तळेगावची मुलांना न सांगितली गेलेली गोष्ट काचेची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना लोकांपुढे ठेवली आणि तो पैसा फंड घेऊन ते दारोदार हिंडले. टिळकांचा या कल्पनेला पाठिंबा होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला. काच कशी करायची हे शिकवायला आले ते ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर हिंदुस्थानातला हा माणूस जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आला होता. कारखाना तसाच शाळाही होता. इथे भट्टीपुढे तयार झालेले कारागीर देशात इतरत्र काच करायला गेले. जपानमधली विद्या, अलीगढकडच्या माणसाची फुंकर आणि मराठी घराघरातला एकेक पैसा, असे ते मिश्रण होते. चित्राला एक पैसा आणि एक काचेची बरणी पुरते. पान उन्हाकडे धरले की मागच्या पानावरचे चित्र पुसट दिसते. बरणी नेमकी तिथे काढली तर कागदच काच होतो.

पुढचे स्थानक वडगाव. शाळेच्या पुस्तकात वडगाव मावळ येते ते जानेवारी १७७९ मुळे. महादजी शिंदे आणि इतर मराठा सरदारांनी इंग्रजांच्या फौजेला इथे कोंडीत धरले आणि तह करायला लावला. पुस्तिकेचे मधले जोडपान मात्र लढाईला द्यायचे कारण नाही. ते वडगावच्या कृषी संशोधन केंद्राचे आहे, कारण ‘इंद्रायणी’ भात तिथला.

मावळ हा भाताचा मुलूख. सूर्य मावळतो त्या बाजूचा म्हणून मावळ, असे नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. पाऊसही तिकडूनच येतो. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलीमीटर पडतो, तर लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. लोकलच्या तासाभराच्या प्रवासात पाऊस पाच-सहापट होतो. खिडकीतून ते क्रमाने दिसते: आधी बाजरी-भाजीची रानं, मग बांध घातलेली खाचरे, मग नुसते पाणीच पाणी आणि त्यात ओणवी माणसे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाला रोपे टाकायची, जुलैत चिखलणी करून लावणी करायची. पूर्वी पाठीवर पळसाच्या पानांचे इरले असे, आता प्लास्टिकचा कागद असतो. कंबरेत वाकलेल्या बाईची पाठ पावसाला द्यायची, ही इरल्याची युक्ती चित्रात लगेच कळते.

या मुलखाचा जुना लाडका तांदूळ आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणून ते नाव. पण त्याचे रोप उंच, वाऱ्यापावसात लोळणारे, आणि उतारा कमी. वडगावच्या केंद्राने १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ ही जात दिली. आंबेमोहोर १५७ आणि आयआर–८ यांचा तो संकर. रोप आखूड, उतारा जास्त, आणि भात मऊ, थोडा चिकट, मंद वासाचा. आज मावळातल्या घरांत आणि पुण्याच्या दुकानांत ‘इंद्रायणी’ हे नाव नदीइतकेच तोंडी आहे. शहरातल्या कित्येक मुलांना नदीच्या आधी तांदूळ माहीत होतो.

आता आयआर–८ ची वंशावळ पाहावी. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये ही जात प्रसारित केली. तिची आई ‘पेटा’, इंडोनेशियातली उंच जात. बाप ‘डी-जिओ-वू-जेन’, तैवानमधली चिनी बुटकी जात. संकर लिहिताना आईचे नाव आधी लिहितात. म्हणजे मलय मुलखातली आई आणि चिनी बाप. काटोंगच्या न्योन्या-बाबांच्या घरात जे झाले तेच या संस्थेच्या लोस बान्योसच्या वाफ्यात झाले. त्या संकराला पुढे मावळची सोयरीक मिळाली, आणि इथेही आई स्थानिकच, आंबेमोहोर. गोष्ट इथे संपत नाही. ‘पेटा’ स्वतः इंडोनेशियात झालेला संकर, ‘चिना’ नावाची जात आणि बंगालकडची ‘लतिसाल’ यांचा. म्हणजे इंद्रायणीच्या पणजोबा-पणजीत एक जण हिंदुस्थानातून गेलेला आणि दोन पिढ्या फिरून परत आलेला. पेरानाकान वस्तीवरून सुचलेली पुस्तिका मावळात करण्याला याहून पक्के कारण शोधूनही सापडणार नाही, आणि ते ताटात वाढलेले असते.

मधल्या जोडपानावर म्हणूनच एक कुटुंबवृक्ष यावा. प्रत्येक जातीला तोंड आणि पेहराव द्यायचा: आंबेमोहोर उंच, केसांत मोहोर माळलेली आई, आयआर–८ बुटका, पोटाशी लोंब्यांचे गाठोडे धरलेला, मध्ये इंद्रायणी. नात्यांचे मराठी शब्द मुलांना इथे आपोआप वापरावे लागतात: आजी, पणजोबा, आते, मामा. जोडाक्षरे आणि लांब नावे शक्यतो टाळावीत, पण ‘डी-जिओ-वू-जेन’ टाळू नये. लांब आणि विचित्र नाव मोठ्याने म्हणायला मुलांना आवडते. अक्षर मोठे हवे आणि दोन ओळींत अंतर भरपूर हवे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो; ओळी चिकटल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत अडकतो, आणि नुकते वाचू लागलेले मूल तिथेच थांबते.

कान्हे ओलांडून कामशेतला येईपर्यंत डोंगर जवळ सरकतात. इथून बेडशाच्या लेण्यांकडे रस्ता जातो. कार्ल्या-भाज्यापेक्षा इथे गर्दी कमी. चैत्याच्या पुढच्या भव्य खांबांवर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत, अंगावर दागिने आणि चेहऱ्यावर चक्क आनंद. इथल्या एका लेखातला दाता नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक, आणि पाण्याच्या टाक्याची दात्री महारठिनी सामडिनिका. पुस्तिकेत बेडशाला स्वतंत्र पान नाही, त्यातला एक घोडा तेवढा उचलावा.

मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याची लेणी जुनी, इसवी सनापूर्वीची; स्तूपांचा एक घोळकाच तिथे आहे, चौदा स्तूप शेजारी शेजारी. जुलैत शेजारच्या धबधब्यात भिजायला आलेली मंडळी लेण्यांपर्यंत क्वचितच जातात. वर लोहगड आणि विसापूर. किल्ल्यांना या पुस्तिकेत जागा नाही. मराठी मुलांसाठी किल्ल्यांवर पुष्कळ लिहिले-काढलेले आहे. दिवाळीत तर मुले स्वतः किल्ले बांधतात.

कार्ले चढून गेल्यावर पहिली भेट एकवीरा आईच्या देवळाशी होते. कोळी, आगरी आणि कित्येक कायस्थ प्रभू घराण्यांची ही कुलदेवता. चैत्रात कोकणपट्टीवरून पालख्या घाट चढून येतात. समुद्रावरची माणसे डोंगरातल्या देवीकडे येतात, हे नवल वाटते खरे, पण बाजूच्या चैत्यात पाऊल टाकले की ते नवल राहत नाही. या वाटेने समुद्राकडची माणसे दोन हजार वर्षे येत आहेत.

कार्ल्याचा चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा, जवळपास ४५ मीटर लांब. छताला लाकडी फासळ्या आहेत, आणि त्या अजून शाबूत आहेत. दगडाच्या घरात लाकडाची गरज नव्हती. आधीची घरे लाकडाची होती म्हणून दगडातही लाकूड हवेसे वाटले. लेण्याचे जुने नाव वलूरक. वैजयंतीहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीहून, आलेल्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपात याच्या तोडीचे शैलगृह नाही असे लेखात नोंदवून ठेवले आहे. जाहिरात म्हणावी तर खोटी नाही.

पण खरी वस्ती खांबांवर आहे. एकेका खांबाचा एकेक दाता, आणि नाव-गाव कोरलेले. सोपाऱ्याचा एक भिक्खू. हे सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा. धेनुकाकटचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे अत्तरे-सुगंधी द्रव्ये विकणारा. धेनुकाकटचाच सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. त्याने दाराचे काम केले आणि आपले नाव सोडून गेला. आणि याच धेनुकाकटचे यवन. एक-दोन नव्हेत, बरेच. यवन म्हणजे मुळात ग्रीक, पुढे एकूणच पश्चिमेकडून आलेला परदेशी. धेनुकाकट नेमके कुठे होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण सिआगुतणिकेचा नवरा तिथलाच होता हे ध्यानात ठेवावे. नांगरट करणारा, सुतार, अत्तरवाला आणि परदेशी व्यापारी एका गावचे.

या यवनांची नावे वाचली की थांबायला होते. सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन यांची प्राकृत रूपे, आणि एक चुळयख. एकही नाव ग्रीक वळणाचे नाही. ते इथे राहिले, नाव इथले घेतले किंवा त्यांच्या आईबापांनीच ते ठेवले, विहाराला खांब दिला. फक्त नावापुढे ‘यवन’ लिहायला विसरले नाहीत. ‘इथेच जन्मलेला’ या मलय शब्दाला मावळात दोन हजार वर्षांपूर्वी कोणी पर्यायी शब्द घडवला नाही, पण माणसे तीच होती.

कार्ल्याच्या पानावर माणसांची चित्रे कमी आणि अक्षरे जास्त असावीत, कारण ब्राह्मी लिपी मुलांना खेळ म्हणून देता येते. जुन्या ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह. ‘ग’ म्हणजे घराचे छप्पर. ‘न’ म्हणजे आडव्या रेषेवर उभी काठी. ‘र’ म्हणजे नुसती उभी रेघ, आणि ‘ठ’ म्हणजे वर्तुळ. एवढ्या अक्षरांत ‘नगर’ लिहिता येते: काठी, छप्पर, रेघ. दहा वर्षांचे मूल हे दोन मिनिटांत शिकते आणि मग बाकावर कोरते, त्याला इलाज नाही. पानाच्या कडेला चैत्याच्या कमानीची नालासारखी नक्षी फिरवावी. काटोंगच्या फरशीचे काम इथे ही कमान करते, आणि वाटेतल्या चारही लेण्यांचे दगडकाम तिच्याभोवती एकत्र येते.

मळवलीनंतर लोणावळा. इंद्रायणीचा उगम इथल्या कुरवंड्याच्या बाजूला. देहू, आळंदी करत तुळापूरला ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि पाणी बंगालच्या उपसागरात जाते, निदान जायला हवे. टाटांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लोणावळा, वळवण आणि शिरवता ही धरणे बांधली. अडवलेले पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून त्यावर झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला, अरबी समुद्राकडे वळले. पावसाचा एकच थेंब वळवणच्या भिंतीच्या या बाजूला पडला की त्या बाजूला, यावर तो आळंदीच्या घाटावर जाणार की मुंबईच्या दिव्यात, हे ठरते. सातव्या पानाला दोन टोप्या घातलेला थेंब पुरे: एक वारकऱ्याची, एक गिरणीकामगाराची.

चिक्कीशिवाय लोणावळा मुलांना पटणार नाही. गूळ आणि शेंगदाण्याची ही वडी. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना अशीच गुळाची वडी विकली जायची, आणि पुढे ती गाडीतल्या प्रवाशांसाठी पुड्यांत बांधली गेली, असे लोणावळ्यात सांगतात. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून आलेला, गूळ इथला. वडगावला जे भाताचे तेच इथे वडीचे.

शेवटचे पान घाटाचे. बोरघाटाची रेल्वे २१ एप्रिल १८६३ रोजी सुरू झाली. बोगदे पंचवीस, आणि भर कामाच्या दिवसांत कड्यांवर चाळीस हजारांहून अधिक मजूर. पटकी आणि तापाने किती गेले याचा हिशेब कुठल्या खांबावर कोरलेला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच काही आठवड्यांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही; व्यवस्थापक नेमून काम तडीस नेले आणि कामाची छायाचित्रेही घेतली. पूर्वेच्या टोकाला सिआगुतणिका, पश्चिमेच्या टोकाला ॲलिस: दोघींनीही डोंगर कोरवून घेतला. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिकाही याच घाटात आहे, आणि वाहनचालक त्याच्या देवळापाशी अजून गाडी हळू करतात.

खंडाळ्याजवळ कड्यावर एक उलट-स्थानक होते. चढ इतका तीव्र की गाडी पुढे वळवायला जागा नव्हती. इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि गाडी उलट दिशेने निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडले. जवळचा १८३० चा रस्तापूल एका बामच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेला आणि २०२० मध्ये पाडला गेला. शेवटच्या पानावर रूळ उजव्या कडेपर्यंत न्यावेत आणि तिथून खालच्या ओळीत डावीकडे उलटे आणावेत. सोबतचा मजकूरही तसाच फिरवावा, म्हणजे वाचणाऱ्याला मान वळवावी लागते.

उलट-सुलटीचा हाच नियम छपाईलाही लागू पडतो. कागद आडवा धरला तर खालच्या ओळीत डावीकडून सहावे, सातवे, आठवे आणि पहिले पान सुलट येते. वरच्या ओळीत पाचवे, चौथे, तिसरे, दुसरे, आणि ही चारही डोक्यावर उभी. चीर मधल्या चार चौकोनांच्या घडीवर, कडेपर्यंत न नेता. मागची बाजू कोरी राहते; तिथे कुरवंड्यापासून तुळापूरपर्यंत इंद्रायणीचा एकच मोठा नकाशा मावतो, आणि पुस्तिका उलगडली की तो भिंतीवर लावता येतो. रंग दोन पुरेत: कातळाचा काळा आणि लावणीनंतरच्या खाचराचा पोपटी. पहिली प्रत वर्तमानपत्राच्या कागदावर करून पाहावी, कारण वरची ओळ उलटी लावायला हमखास विसरले जाते, आणि मग वडगावचा भात डोक्यावर उभा राहून उगवतो.